उजव्या तोंडाची गोगलगाय

बाईंचा संशय सुरू झाला तो एका बेडकाच्या पायावरून.

आदल्या दिवशी दुपारी कोरताना त्यांचा हात घसरला होता. कोरणी बेडकाच्या मांडीतून निघाली ती थेट पोटापर्यंत गेली आणि काळ्या केलेल्या लाकडात पांढरा ओरखडा उमटला. बाईंनी आधी इकडेतिकडे बघितलं, कोणी पाहिलं तर नाही ना. मग फळीवर कापड टाकलं आणि "डोकं दुखतंय" म्हणत आत जाऊन पडल्या. दुसऱ्या दिवशी कापड काढतात तो काय, बेडूक धडधाकट. मांडी जागच्या जागी, पोटावर ओरखड्याचा मागमूस नाही.

माणसाने खरं तर खूश व्हावं. बाईंनी घाईने कापड परत टाकलं. बेडूक काही रात्रीतून आपोआप बरा होत नाही. कुणीतरी त्याला बरं केलं होतं. आणि ज्याने केलं त्याला दोन गोष्टी ठाऊक होत्या. एक, कोरायचं कसं. दुसरी, बाईंचा हात आता थरथरतो. पहिली ठाऊक असली तर असो. दुसरी बाईंनी अजून स्वतःलासुद्धा धड सांगितली नव्हती.

बाई छापचित्रं करत. घट्ट लाकडाच्या फळीवर चित्र कोरायचं, जे पांढरं राहायला हवं ते खोदून टाकायचं, उरलेल्या उंचवट्यावर रुळाने शाई फिरवायची, वर कागद ठेवून फळी प्रेसमधून काढायची. सांगायला एवढंच. यात बाईंचं आख्खं आयुष्य गेलं, आणि तेही शहराच्या कडेच्या एका तळ्याच्या जिवावर. त्यांच्या वर्गातली इतर मुलं माणसांचे चेहरे काढायची, इमारती काढायची, आणि ही मुलगी तळ्याच्या काठावर पालथी पडून पाणकिड्यांचे पाय मोजायची. घरी परतली की कोपरापासून खाली नुसता चिखल. आई म्हणायची, "हिला नवरा कुठून आणायचा? तळ्यातूनच आणावा लागेल."

नवरा तळ्यातून नाही, लेथच्या कारखान्यातून आला. भेटायला येताना त्याने फुलं आणली नाहीत, एक जाडजूड भिंग आणलं, आणि तिथेच बाई विरघळल्या. पुढे त्यानेच भंगारातली चाकं आणि रूळ गोळा करून घरात प्रेस उभी केली. त्या प्रेसमधून मग बाईंचं तळं कागदावर उतरत राहिलं: चतुर, शेवाळ, लव्हाळ्यात दडलेली पाणकोंबडी, पाण्यावर चालणारे किडे. बक्षिसं मिळाली, कलाशाळेत शिकवायला बोलावणं आलं, शाळेच्या पुस्तकांत चित्रं गेली. बाईंचं चित्र बघताना पाय ओले झाल्यासारखे वाटतात, असं लोक म्हणत. बाई वरून "काहीतरीच" म्हणायच्या आणि आतून फुलायच्या.

नवरा गेला. प्रेस मागे राहिली, आणि प्रेसबरोबर नणंद.

ही नणंद म्हणजे वन्सं. मुलींच्या शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेल्या. भावाच्या आजारपणात चार दिवस म्हणून आल्या त्या कायमच्याच राहिल्या. वयाने बाईंपेक्षा लहान, पण नणंदेचा मान मोठा, म्हणून बाई त्यांना वन्संच म्हणत आणि त्या बाईंना वहिनी. शिवणकामात वन्संचा हात असा की त्यांनी रफू केल्यावर भोक कुठे होतं ते नेसणारीलाही सापडू नये. इथे आल्यावर प्रेसचं चाक फिरवणं आणि काम झाल्यावर रॉकेलने फळी पुसून ठेवणं एवढं त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. आणि बोलणं. बोलणं तर त्या झोपेतही थांबवत नसाव्यात.

आता संग्रहालयवाल्यांनी बाईंच्या चित्रांचं एक दालन करायचं ठरवलं होतं. दारासमोरची मोठी भिंत नव्या चित्रासाठी मोकळी ठेवली होती. बाईंनी आयुष्यातली सगळ्यात मोठी फळी घेतली आणि तिच्यावर तळ्याचा आख्खा काठ कोरायला घेतला. हे आपलं शेवटचं मोठं काम, हे त्यांना ठाऊक होतं. नीट उतरलं तर त्याखाली पेन्सिलने सही करायची आणि मग खुशाल निवांत बसायचं.

घोडं अडलं ते त्या सहीपाशी. बाईंचा एक नेम होता, आणि तो त्यांनी प्रत्येक वर्गाला इतक्या वेळा ऐकवला होता की मुलं मागे त्याची नक्कल करायची. "फळीवर दुसऱ्याची एक रेघ जरी पडली, तरी त्याखाली माझी सही होणार नाही." सहकाऱ्यांनी मदतनीस ठेवले तेव्हा बाई त्यांना चारचौघांत बोलल्या होत्या. आता त्यांच्याच फळीवर दुसऱ्याचा बेडूक बसला होता. सही केली तर जन्मभर सांगितलेलं खोटं, आणि नाही केली तर का नाही केली ते जगाला सांगायला हवं. म्हणजे हाताचं बिंग फुटलं.

बाईंनी भिंग घेऊन मांडी तपासली. डोळ्याला काही दिसेना, पण नखाला लागलं. चूक झालेली जागा गोल पोखरून काढली होती, त्यात लाकडाची बारीक गुल्ली ठोकून बसवली होती, वरून घासून सपाट केलं होतं आणि मग त्या नव्या लाकडावर बेडकाची मांडी पुन्हा कोरली होती. ही युक्ती जुनी, प्रत्येक कोरणाऱ्याला माहीत. पण जोड इतका मिळालेला बाईंनीही कधी पाहिला नव्हता. त्यांनी सगळ्या फळीवरून नख फिरवलं. लव्हाळ्यात एक गुल्ली. चतुराच्या पंखात एक. पाण्याच्या रेषांत तर दोन शेजारी शेजारी. जिथे जिथे हात घसरल्याचं आठवत होतं तिथे तिथे कुणीतरी येऊन गेलं होतं.

फळीजवळ येणारी माणसं दोनच. घरातल्या वन्सं आणि दर गुरुवारी येणारे प्राध्यापक.

प्राध्यापक हा बाईंचा पहिला विद्यार्थी. पहिल्या वर्षी त्याला पेन्सिल धरता येत नव्हती; आता दाढी पिकली होती, बाईंच्याच खुर्चीवर बसून कलाशाळेत शिकवत होता आणि परदेशात प्रदर्शनं भरवत होता. बाई त्याला तोंडावर 'अहो प्राध्यापक' म्हणत आणि तो बिचारा दर वेळी लाजे. गुरुवारी यायचा, बाईंच्या कोरण्या धार लावायला न्यायचा, आधीच्या गुरुवारी नेलेल्या परत द्यायचा. इतकी वर्षं बाईंना यात प्रेम दिसत होतं. आता दिसायला लागलं की याच्याकडे आपल्या सगळ्या कोरण्या आहेत, आपला हात याला पाठ आहे, आणि उद्या आपण मेल्यावर चार लोकांत "बाईंचं शेवटचं काम खरं म्हणजे मीच पुरं केलं" असं हळूच सांगायला याच्याइतका लायक माणूस दुसरा नाही.

संशयाचं असं असतं, एकदा घरात शिरला की तो स्वतःच चहा करून घेतो. त्या गुरुवारी बाई पाणी प्यायला उठल्या आणि स्वयंपाकघराच्या दाराशी थबकल्या. आत दोघांची कुजबुज चालली होती.

"किती दिवस लपवणार आहात?" हा प्राध्यापकाचा आवाज.

"चित्र पुरं होऊ दे एकदा," वन्सं म्हणाल्या. "आत्ता कळलं तर घर डोक्यावर घेतील."

बाई पाणी न पिताच परतल्या.  इतकी वर्षं एका ताटात जेवल्यासारखी काढली आणि हे दोघं मिळून माझ्या पाठीमागे, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांना रडूच यायला लागलं. मग रडायचा राग आला. मग त्यांनी ठरवलं की चोर पकडायचा, आणि पुराव्यासकट पकडायचा.

सुरुवातीचे उपाय काही धड नव्हते. फळीवरच्या कापडाला त्यांनी एक केस चिकटवला. दुपारची झोप काढून आल्या तर केस गायब, पण खिडकी उघडी, वाऱ्याने गेला की माणसाने ते कळेना. मग त्यांनी कामाच्या खोलीत जमिनीवर पावडर पसरून ठेवली, पावलं उमटतील म्हणून. उठून बघतात तर खोली लख्ख झाडलेली.

"वहिनी, अहो पावडरीचा डबा सांडलात तुम्ही," वन्सं म्हणाल्या. "आख्खी खोली पांढरी. पाय घसरून पडला असतात म्हणजे? मी झाडून घेतली. आणि असली वासाची पावडर घेता तरी कशाला हो, शिंका आल्या मला सतरा."

बाईंनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. चेहऱ्यावर काही नाही. पण मांजर दूध पिताना डोळे मिटतं तेव्हा त्याच्याही चेहऱ्यावर काही नसतं. शिवाय आताशा जेवण झालं रे झालं की "वहिनी, जरा पडा, डोळे ओढलेत तुमचे" असा लकडा वन्सं लावत. आधी कधी लावत नसत. आणि त्यांच्या पदराला काल लाकूड चिकटवायच्या सरसाचा वास येत होता, याची बाईंना आता आठवण झाली. मग वाटलं, सरस तर घरात खुर्चीलाही लावला होता. वन्संना काय कोरता येतंय? सुई वेगळी, कोरणी वेगळी. फार तर त्या दार उघडून देत असतील. कोरणारा तोच.

पण खात्री हवी. आणि खात्री करून घ्यायला बाईंना गोगलगाय आठवली.

गोगलगायीचा शंख टोक वर करून समोर धरला तर त्याचं तोंड उजव्या हाताला येतं. हजारो शंख बघा, उजवंच. डाव्या तोंडाचा लाखात एखादा. आता फळीवर जे कोरतो ते कागदावर आरशातल्यासारखं उलटं उमटतं. म्हणून कागदावर तोंड उजवीकडे यायचं तर फळीवर ते डावीकडे कोरावं लागतं. दिसते तशी गोगलगाय फळीवर कोरली की छापून डाव्या तोंडाची निघालीच. ही चूक चित्रकार करत नाही, मूर्तिकार करत नाही, ठसे काढणाराच करतो.

बाईंनी ती तरुणपणी, पहिल्याच प्रदर्शनात केली होती. एक प्राणिशास्त्रज्ञ चित्रापुढे बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "ही कुठे सापडली हो तुम्हाला? फार दुर्मीळ." बाई हरखून गेल्या. मग शंख उलटा छापला गेलाय हे शास्त्रज्ञांनी समजावून सांगितलं आणि त्यांच्याबरोबरचे लोक हसले. त्यानंतर बाईंनी जन्मात पुन्हा गोगलगाय चुकवली नाही, आणि शिकवायला लागल्यावर पहिला धडा गोगलगायीचाच दिला. प्राध्यापकाने विद्यार्थी असताना ती चुकवली तेव्हा बाईंनी त्याला इतकं फैलावर घेतलं की पुढे स्वतःच्या वर्गातही तो पहिला धडा तोच देऊ लागला.

बेत असा: फळीच्या खालच्या कोपऱ्यात एका दगडावर मुद्दाम चुकीची गोगलगाय कोरायची. दिसते तशी, तोंड उजवीकडे. वन्संच्या ते लक्षातही यायचं नाही. पण प्राध्यापकाला ते कुसळासारखं खुपेल, आणि त्याच्याच्याने दुरुस्त केल्याशिवाय राहवणार नाही. छापल्यावर गोगलगाय बरोबर निघाली की चोर सापडला.

बुधवारी बाई कोरायला बसल्या. एरवी त्या आधी कागदावर काढून, आरशात बघून, मग फळीवर उतरवायच्या. आज आरसा लागणार नव्हता, म्हणून थेट फळीवरच हात घातला. तेवढ्यात वन्सं पालेभाजी निवडायला समोर येऊन बसल्या आणि त्यांनी शेजारणीच्या सुनेची गोष्ट सुरू केली. बाई हूं हूं करत होत्या. खरं म्हणजे त्यांचं सगळं लक्ष वन्संच्या चेहऱ्याकडे होतं. फळीकडे ही बाई किती वेळा बघते, कुठे बघते, हे त्या टिपत होत्या. हात आपला चालला होता. सुनेची गोष्ट संपली तेव्हा गोगलगायही झाली होती. बाईंनी फळीकडे न बघता कापड टाकलं.

गुरुवारी प्राध्यापक आला. बाई मुद्दाम म्हणाल्या, "मी जरा पडते," आणि खरोखरच आत जाऊन पडल्या. डोळा लागला नाही. बाहेरून मधूनमधून दोघांचं बोलणं ऐकू येत होतं आणि एकदा खुर्ची सरकल्याचा आवाज आला.  त्यांना चोर सापडायला हवा होता आणि सापडायला नकोही होता. त्याच्या नव्या प्रदर्शनाच्या कागदावर 'माझ्या बाईंना' असं छापलेलं त्यांनी जपून ठेवलं होतं, ते त्यांना आठवलं आणि त्यांनी कूस बदलली.

शुक्रवारी कच्चा ठसा काढायचा होता. वन्संनी चाक फिरवलं, बाईंनी शाई लावलेल्या फळीवरून कागद कोपऱ्याला धरून सोलला आणि इतर काही न बघता खालचा दगड बघितला.

गोगलगाय उजव्या तोंडाची होती. अगदी बरोबर.

बाई कागद धरून उभ्याच राहिल्या. मग त्या फोनकडे गेल्या आणि प्राध्यापकाला म्हणाल्या, "असाल तसे या."

तो आला तेव्हा शर्टाला शाई होती. वर्ग सोडून आला होता. बाईंनी ठसा टेबलावर ठेवला आणि गोगलगायीवर बोट टेकवलं.

"ही मी चुकीची कोरली होती," त्या म्हणाल्या. "मुद्दाम. आता बरोबर आहे. कोणी केली?"

प्राध्यापकाने ठशाकडे बघितलं, बाईंकडे बघितलं. "मी नाही, बाई."

"मग कोणी? ही गोष्ट कळणारी या घरात दोनच माणसं येतात. एक मी."

"बाई, फळी बघू द्या मला."

"फळीला हात लावायचा नाही. पुष्कळ लावलात. बेडकाला लावलात, चतुराला लावलात. तुम्हाला काय वाटलं, मला कळत नाही? माझा हात गेला म्हणून डोळेही गेले?"

हात गेला, हे पहिल्यांदाच त्या मोठ्याने बोलल्या होत्या. 

"वहिनी," वन्सं म्हणाल्या. त्यांचा आवाज एरवीपेक्षा बारीक होता. "त्याला बोलू नका. गुल्ल्या मी बसवल्यात."

बाई वळल्या.

"तुम्ही झोपलात की बसवत होते. इतकी वर्षं तुमच्या समोर बसून बघतेय. रफूच की ती, लाकडातली. तुम्ही चूक झाली की कापड टाकून आत जात होतात आणि रडत होतात, ते मला भिंतीतून ऐकू यायचं. ते ऐकवेना. म्हणून बसवल्या."

"आणि हा?"

"त्याला तुमच्या हाताचं कळलंय, कोरण्यांची मोडलेली टोकं बघून. डॉक्टरांकडे नेऊ या म्हणून माझ्या मागे लागलाय. मीच थांबवलं, चित्र होऊ दे म्हणून."

"आणि गोगलगाय? तीही रफूच?"

"गोगलगायीला मी हात लावलेला नाही."

बाई हसल्या. ते हसणं चांगलं नव्हतं. "बेडकाची कबुली, चतुराची कबुली, आणि गोगलगाय तेवढी कुणीच नाही केली. ती आपली चालत चालत उलटी झाली. वन्सं, तुम्ही याला पाठीशी घालताय. दोघं मिळून मला वेड्यात काढताय."

"बाई, मी तुमच्याशी कधी खोटं बोललो नाही," प्राध्यापक म्हणाला.

"चोराच्या उलट्या बोंबा," बाई म्हणाल्या. "जा तुम्ही. गुरुवारी यायचं नाही आता."

तो गेला. जाताना आधीच्या दिवशी नेलेल्या कोरण्यांची गुंडाळी त्याने प्रेसजवळ नीट ठेवली आणि वन्संना नमस्कार केला. बाईंना केला नाही. जिन्यावर त्याची पावलं थांबत थांबत उतरल्याचं ऐकू आलं.

मग बाईंनी जे केलं ते करायचा अधिकार त्यांचाच होता, आणि कुणी अडवलं असतं तरी त्यांनी ऐकलं नसतं. ठसे काढणाऱ्यांची एक रीत असते: फळीचं काम संपलं, की तिच्यावरून पुन्हा कोणी ठसे काढू नयेत म्हणून या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत एक खोल रेघ ओढून ती कायमची मारून टाकायची. बाईंनी गुंडाळीतली सगळ्यात जाड कोरणी उपसली, पट्टी न घेता वरच्या कोपऱ्यात टेकवली आणि अंगातला सगळा जोर लावून ओढली. लव्हाळ्यातून, बेडकाच्या पाठीतून, पाण्यातून, दगडाला घासून ती खालच्या कोपऱ्यातून बाहेर पडली. बारीक साल वळत वळत जमिनीवर पडली. वन्संनी तोंडावर हात ठेवला होता.

"झालं," बाई म्हणाल्या. "आता कुणाचीच नाही ती. ना माझी, ना तुमची."

त्या खुर्चीत बसल्या. दुपार झाली, जेवणाची वेळ टळली. वन्सं इतका वेळ गप्प राहिल्याचं त्या घराला आठवत नव्हतं. शेवटी त्या उठल्या आणि रॉकेलचा बोळा घेऊन फळी पुसायला लागल्या. मेलेली फळी पुसायची काही गरज नव्हती. पण शाई वाळू द्यायची नाही ही त्यांची सवय, आणि हातांना काहीतरी करायला हवं होतं. शाई गेली तसं खालचं लाकूड दिसायला लागलं, आणि रेघ आणखीच दिसायला लागली.

खालच्या कोपऱ्याशी वन्संचा हात थांबला. त्यांनी बोट फिरवलं. मग उलट्या बाजूने फिरवलं.

"वहिनी," त्या म्हणाल्या. "इकडे या जरा."

"मला नाही बघायचं."

"तुम्ही याच. इथे जोड नाहीये."

बाई आल्या त्या वन्संना खोटं पाडायला. भिंग घेतलं, फळी उजेडाला तिरकी धरली, गोगलगायीभोवती नख फिरवलं. एकदा बाहेरून, एकदा शंखाच्या कडेकडेने. नख कुठे अडकलं नाही. लाकडाच्या शिरा दगडातून शंखात जात होत्या आणि शंखातून पलीकडे निघत होत्या, एकही तुटलेली नव्हती. इथे काही पोखरलेलं नव्हतं, काही बसवलेलं नव्हतं. या लाकडाला कोरणी एकदाच लागली होती, बुधवारी.

आणि शंखाचं तोंड डावीकडे होतं. छापून उजवीकडे येण्यासाठी असायला हवं तिथेच.

बाईंनी भिंग खाली ठेवलं. शेजारणीची सून, पालेभाजी, वन्संचा चेहरा आणि आपण त्या चेहऱ्यावर लावलेली नजर, सगळं त्यांना एकदम दिसलं. डोक्याने चुकीची कोरायला सांगितली होती. हाताने ऐकलं नव्हतं. डोकं चोर शोधत बसलं होतं तेवढ्यात हात आपलं काम बरोबर करून मोकळा झाला होता. त्यांनी पुन्हा वाकून बघितलं. वेटोळ्याची रेघ आतून बाहेर सलग निघाली होती, कुठेही कापली नव्हती, कुठेही घसरली नव्हती. कितीतरी महिन्यांत न थरथरता कोरलेली ही पहिली गोष्ट होती, आणि तिच्याचकडे बोट दाखवून त्यांनी चोर चोर म्हटलं होतं.

"माझीच आहे ही," त्या म्हणाल्या.

"मी सांगत होते," वन्सं म्हणाल्या.

"त्याला घालवलं मी."

"घालवलंत."

बाईंचे डोळे भरून आले, आणि या वेळी त्यांनी फळीवर कापड टाकलं नाही की त्या आतही गेल्या नाहीत. तिथेच, वन्संच्या समोर, शाईच्या टेबलाला धरून रडल्या. लाज वाटत होती आणि हलकंही वाटत होतं. वन्संनी रॉकेलचा हात पदराला पुसला आणि त्यांच्या पाठीवर ठेवला.

पुष्कळ वेळाने बाईंनी नाक पुसलं. "फोन आणा इकडे."

"त्याला काय सांगणार?"

"चुकले म्हणणार. तो यायचा नाही म्हणाला तरी म्हणणार." त्यांनी फोनसाठी हात पुढे केला. "आणि डॉक्टरांकडे कधी नेणार आहात विचारणार."

वन्संनी फोन आणून दिला. बाईंनी तो मांडीवर घेतला, पण लगेच फिरवला नाही. भिंतीला टेकून ठेवलेल्या कोऱ्या फळ्यांकडे त्या बघत होत्या.

"वन्सं, त्यातली लहान फळी काढून ठेवा. संग्रहालयवाल्यांना सांगू, भिंत मोठी असली तरी चित्र लहान आहे."

"काढते. काय कोरणार?"

"बघू, हात काय म्हणतो ते. आणि हात घसरला तर गुल्ली बसवा."

 वन्संना वाटलं, वहिनी टोमणा मारताहेत.

"मी जागी असताना बसवा," बाई म्हणाल्या. "म्हणजे खाली सही करताना दोघींना पेन्सिल लागेल हे मला माहीत असेल."